बिडाचं आप्पेपात्र : संध्याकाळच्या भुकेला घ्यावं की नाही?

आधीच सांगते, घ्या. घरात चार-पाच माणसं असतील, संध्याकाळी सात-साडेसातला सगळ्यांना एकदम भूक लागत असेल आणि फ्रीजमध्ये कायम अर्धी वाटी हे नि पाव वाटी ते उरलेलं असेल, तर बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आप्पेपात्र घ्याच. मी कांजूरमार्गला राहते, ऑफिस फोर्टात, ट्रेनने घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. घरात सासूबाई, नवरा, आठवीतला मुलगा नि चौथीतली मुलगी. जेवण होतं साडेनवाला. मधल्या वेळात पोरांचं "आई, काहीतरी दे ना खायला" चालू असतं आणि तेव्हा हाताशी काही नसेल तर बिस्किटाचा पुडा फुटतो नाहीतर खालच्या गाडीवरून वडापाव येतो. वडापावाशी माझं काही भांडण नाही, पण रोज नको. आणि रोज नवीन पदार्थ विचार करून करायला कोणाकडे वेळ आहे? आप्पेपात्राने माझा हा प्रश्न खरंच सोडवलाय, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझं आप्पेपात्र ७ खळग्यांचं आहे, बिडाचं, दोन बाजूंना दोन कान, झाकण नाही. माटुंग्याच्या बाजारातून घेतलं, सेंट्रल रेल्वेच्या स्टेशनाजवळ पूर्वेला जिथे केळीची पानं, फिल्टर कॉफीची पूड, इडलीपात्रं वगैरे मिळतात तिथल्या एका भांड्यांच्या दुकानातून. भुलेश्वरला तांबाकाट्याच्या बाजूलाही भांड्यांची भरपूर दुकानं आहेत, दादरलाही मिळेल, ऑनलाइन तर ढिगाने आहेत, पण माझं मत विचाराल तर हे भांडं हात लावूनच घ्यावं. कारण बिडाची वस्तू साच्यात ओतून करतात आणि एकाच ढिगातली दोन पात्रं सारखी नसतात. प्रत्येक खळग्यात बोट फिरवून बघा, वाळूसारखा थोडा खरखरीतपणा चालतो, पण खड्डा, टोक किंवा उंचवटा लागला तर ते पात्र बाजूला ठेवा, नेमके तिथेच आप्पे चिकटणार. खळगे सारखे खोल आहेत का बघा. सपाट जागेवर ठेवून डुगडुगतंय का बघा. मी दुकानात चार-पाच पात्रं खाली काढायला लावली आणि दुकानदार काकांनी न कुरकुरता काढली, वर पहिल्यांदा कसं वापरायचं तेही समजावून सांगितलं, त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी मार्क.

आता ते पहिल्यांदा वापरणं. हल्ली बरीच पात्रं तेल मुरवून तयार केलेली येतात, त्याला सीझनिंग म्हणतात, पण तसं लिहिलेलं असलं तरी घरी एकदा करावंच. गरम पाणी नि साबणाने एकदाच स्वच्छ धुवायचं, मग दोन-तीन दिवस तांदळाचं धुवण नाहीतर भाताची पेज भरून ठेवायची, रोज बदलायची. नंतर कोरडं पुसून गॅसवर तापवायचं, तिळाचं किंवा खायचं कुठलंही तेल अगदी पातळ हाताने सगळीकडे लावायचं, धूर यायला लागला की बंद. थंड होऊ द्यायचं, परत तेल, परत तापवायचं. असं तीन-चार वेळा केलं की तेलाचा थर तापून लोखंडावर घट्ट बसतो, काळा नि गुळगुळीत होतो, आणि आप्पे सुटून येतात ते या थरामुळेच. इथे घाई करणारे लोक नंतर म्हणतात बीड चिकटतं. अर्धा कापलेला कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून खळग्यांत फिरवायचा, तो तर मी अजूनही प्रत्येक वेळी फिरवते, वासही छान येतो.

पहिले एक-दोन घाणे जरा चिकटतील, त्यात वावगं काही नाही, सुरुवात कांदा घातलेल्या डोशाच्या पिठाने करा, रव्याने नको. दूधवाल्याकडे, डेअरीत पिशवीतून इडली-डोशाचं पीठ मिळतं ना, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबट होतं आणि डोसे कोणाला नको असतात, त्या पिठाचे आप्पे सगळ्यात भारी होतात. बारीक कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, वरून मोहरी-उडदाच्या डाळीची चमचाभर फोडणी. बस.

घरात पीठ नसेल तर रवा. माझं रोजचं माप म्हणजे एक वाटी रवा, एक वाटी दही, अर्धी वाटी पाणी. ताक असेल तर वेगळं पाणी नको. १५ मिनिटं झाकून ठेवायचं, तेवढ्यात मी कपडे बदलून हातपाय धुऊन येते. रवा पाणी पिऊन फुगतो, मग लागलं तर थोडं पाणी वाढवायचं, पीठ चमच्यातून सावकाश पडलं पाहिजे, धार लागता कामा नये. सोडा नाहीतर फ्रूट सॉल्ट अगदी शेवटी, पात्र तापल्यावर. फ्रूट सॉल्टमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक अॅसिड असतं, पाणी लागलं की लगेच फसफसतं आणि तो फेस बसला की आप्पे दडस होतात, म्हणून पीठ जास्त असेल तर दोन भांड्यांत काढून एका वेळी एकातच घालायचं. या पिठात काय वाट्टेल ते जातं. गाजर, कोबी, दुधी, पालक, मक्याचे दाणे, काल उरलेली बटाट्याची सुकी भाजी. माझी मुलगी दुधीच्या भाजीचं नाव काढलं की तोंड फिरवते, पण किसलेला दुधी घातलेले आप्पे लसणीच्या चटणीबरोबर आठ-आठ खाते. आणि मी तिच्यापासून लपवत नाही, ती स्वतः किसून देते.

उरलेला भात. मुंबईत कुठल्या घरात भात उरत नाही सांगा. फोडणीचा भात किती वेळा करणार? रात्रीचा भात लगेच फ्रीजमध्ये ठेवलेला असला पाहिजे, ओट्यावर रात्रभर राहिलेला नको, आपल्याकडच्या दमट हवेत तो भरवशाचा नसतो. हाताने नीट कुस्करायचा, दोन वाट्या भाताला अर्धी वाटी रवा, तीन-चार चमचे बेसन, लागेल तसं दही, आलं-मिरची, जिरं. वरून कडक नि आतून इतके मऊ होतात की सांगून पटणार नाही. मिक्सरमधून फिरवू नका, चिकट होतं.

वरण उरलं असेल तर त्यात मावेल तेवढं ज्वारीचं पीठ. ज्वारी एकटी नीट धरून राहत नाही, म्हणून दोन चमचे बेसन किंवा तांदळाचं पीठ घालते. वरणात हिंग-हळद-मीठ आधीच असतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही, फक्त कांदा आणि बचकाभर कोथिंबीर. पोळ्या उरल्या तर मात्र त्यांचा चुरा यात घालू नये असं माझं मत, गिच्च लागतं. पोळीची फोडणीची पोळीच करावी, ती काही वाईट नाही.

आता माझा सगळ्यात आवडता प्रकार, भाजणीचे आप्पे. थालीपिठाची भाजणी आमच्या घरी वर्षभर असते, सासूबाई तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, ज्वारी, बाजरी, धणे, जिरं वेगवेगळं भाजून गिरणीतून दळून आणतात. थालीपीठ एकेक थापून लावायचं म्हणजे गॅससमोर अर्धा-पाऊण तास उभं राहायचं. त्याच पिठात थोडं जास्त पाणी, चमचाभर दही, कांदा, तिखट, ओवा, तीळ घालून आप्पे लावले की एका वेळी सात होतात. धान्य आधीच भाजलेलं असल्यामुळे आत कच्चट राहत नाही, सोडाही लागत नाही. चव थालीपिठाचीच, वर लोण्याचा गोळा. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, भोक नाही तर ते थालीपीठ कसलं", पण आता त्या स्वतःच दुपारी करून ठेवतात.

मुगाची डाळ दोन तास भिजवून आलं-मिरचीबरोबर जाडसर वाटली की तेही झालं, पण भिजवायची आठवण सकाळी व्हायला पाहिजे. अंडी खाणाऱ्यांसाठी, दोन-तीन अंडी, कांदा, टोमॅटो, मिरपूड फेटून खळगे अर्ध्याच्या थोडं वर भरा, पूर्ण भरू नका, फुगून बाहेर येतं. पाच मिनिटांचं काम, मुलगा स्वतः करतो, आणि आठवीतला पोरगा स्वतःच्या हाताने काही करून बहिणीलाही देतो याचं मला फार बरं वाटतं.

उपवासाला साबुदाणा वडे. हे वाचा नीट. साबुदाणा भिजलेला, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, मीठ, नेहमीचंच मिश्रण, लिंबाएवढे गोळे करून प्रत्येक खळग्यात पाव चमचा तूप टाकून मंद आचेवर ठेवायचे. दहाएक मिनिटं लागतात, घाई चालत नाही. पण कढईभर तेल तापवायचं नाही, वडा तेलात फुटून अंगावर उडायची भीती नाही, आणि आषाढी एकादशीला सगळ्यांचे उपवास असतात तेव्हा तळणाचं उरलेलं तेल काय करायचं हा प्रश्न राहत नाही. चव तळलेल्या वड्याच्या अगदी जवळ जाते. बटाटेवड्याचं मात्र तसं नाही. बेसनात बुडवून आप्पेपात्रात केलेला बटाटेवडा खायला ठीक असतो, पण तो बटाटेवडा नव्हे. बेसनाचं कुरकुरीत आवरण उकळत्या तेलातच होतं. बटाटेवडा खावासा वाटला तर तळून खा, महिन्यातून एकदा खा, पण नीट खा.

गोडाचं सांगायचं राहिलं. कोकणातले लोक गोड आप्पे तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून करतात, फणसाच्या दिवसांत फणसाचा रस घालतात. मी एवढं करत नाही. केळी साल काळी पडेपर्यंत राहिली की कोणी खात नाही, अशी दोन केळी, बारीक चिरलेला गूळ, कणीक नि रवा निम्मे-निम्मे, वेलची, चिमूटभर मीठ. साजूक तुपात. गूळ पटकन जळतो, गॅस एकदम बारीक पाहिजे. शाळेत छोट्या सुट्टीच्या डब्याला हे उत्तम, गळत नाही, सांडत नाही, थंड झालं तरी मऊ राहतं, आणि दोन बोटांनी उचलून खाता येतं कारण छोटी सुट्टी असते दहा मिनिटांची, त्यात पोरं खाणार कधी नि खेळणार कधी.

करायच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण यातच सगळं आहे. पात्र आधी मध्यम आचेवर पाच-सात मिनिटं तापू द्या, बीड सावकाश तापतं. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचला पाहिजे. मग आच कमी, खळग्यात तेलाचे चार-पाच थेंब, पाऊण खळगा पीठ, वर घरातलं बसेल ते झाकण. तीनेक मिनिटांनी कडा सुटलेल्या दिसतात, मग उलटायचे, दुसऱ्या बाजूला झाकण नको, नाहीतर वाफेने मऊ पडतात. उलटायला बांबूची काडी किंवा विणकामाची सुई, आमच्याकडे सासूबाईंची जुनी सुई यासाठीच ठेवली आहे. मधला खळगा बर्नरच्या बरोब्बर वर असतो त्यामुळे तो आधी होतो, त्यात पीठ शेवटी घाला आणि काढा मात्र आधी. एक घाणा काढला की दुसरा भराभर होतो कारण तापलेलं बीड पटकन थंड होत नाही, शेवटचा घाणा तर मी गॅस बंद करून नुसत्या उष्णतेवर पूर्ण करते.

आता तक्रारी. जड आहे, माझं पात्र दोन किलोच्या वर आहे, सासूबाईंचं मनगट दुखतं तेव्हा त्यांना ते उचलता येत नाही, आम्ही ते गॅसच्या खालच्याच कप्प्यात ठेवतो. कान तापतात, जाड फडकं पाहिजे, पोरांना हे दहा वेळा सांगावं लागतं. आणि पाच माणसांना ७ खळगे कमी पडतात. सगळे एकदम खायला बसू शकत नाहीत, जसा घाणा निघेल तसं आधी पोरं, मग आजी, असं चालतं. १२ खळग्यांचं घ्यावं का, तर माझ्या बहिणीकडे आहे, घरगुती गॅसच्या एका बर्नरवर त्याचे कडेचे आप्पे पांढुरके राहतात, पात्र सारखं फिरवत बसावं लागतं. मोठा बर्नर असेल तर १२चं घ्या, नाहीतर ७चंच बरं. इंडक्शनवाल्यांनी नीट बघून घ्या. बीड इंडक्शनवर चालतं, पण तळ सपाट पाहिजे, बऱ्याच पात्रांचे खळगे खालून बाहेर आलेले असतात, ती शेगडीला नीट टेकतच नाहीत.

मोठी तक्रार म्हणजे गंज. जून ते सप्टेंबर मुंबईत कपडे वाळत नाहीत तर लोखंडाचं काय. भिजत ठेवायचं नाही, सिंकमध्ये टाकायचं नाही, तारेच्या घासणीने घासायचं नाही, हे घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, मी तर ते त्यांच्याकडे देतच नाही. पात्र कोमट असतानाच गरम पाणी नि मऊ घासणीने धुवायचं, लगेच पुसून एक मिनिट गॅसवर ठेवून पूर्ण कोरडं करायचं, तेलाचं बोट फिरवायचं, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचं. तापलेल्या पात्रावर गार पाणी कधीच ओतू नका आणि लादीवर पाडू नका, बीड कडक असतं पण ठिसूळ, तडा गेला की संपलं. गंजाचा ठिपका दिसला तर घाबरू नका, घासून काढा, परत तेल लावून तापवा. आठवड्यातून दोन-तीनदा वापरात असलं की सहसा गंज येत नाही.

नॉनस्टिकचं विचाराल तर माझ्याकडे आधी तेच होतं, कंपनीचं नाव घेत नाही. हलकं, पटकन तापतं, पहिल्या दिवसापासून चिकटत नाही, सगळं मान्य. पण खळग्यांच्या कडांचं कोटिंग निघायला लागलं आणि आप्प्यांना काळे कण दिसायला लागले तेव्हा मी ते काढून टाकलं. नॉनस्टिकचा तो थर २६० अंश सेल्सिअसच्या वर गेला की खराब व्हायला लागतो, आणि आप्पेपात्र आपण रिकामंच तापत ठेवतो, त्यामुळे इथे ती भीती जास्त. नवीन लग्न झालंय, भाड्याच्या घरात दोघंच आहात, भांडं जपायला वेळ नाही, तर नॉनस्टिक घ्या, गॅस बारीक ठेवा, लाकडी काडी वापरा. हिंडालियमचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, सगळ्यात स्वस्त नि हलकं, पण पातळ असल्यामुळे मधले जळतात नि कडेचे कच्चे राहतात, ते मी घेणार नाही.

बिडाच्या भांड्यातून अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं आहे, आंबट पदार्थात जास्त उतरतं, आणि आपलं पीठ दह्या-ताकाचंच असतं. पण कोणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच, आप्प्यांवर विसंबून राहू नका. आमच्या मजल्यावरच्या एका ताईंना हे मला फार कळकळीने सांगावं लागलं.

माटुंग्याला जाणार असाल तर सेंट्रलवरून स्लो ट्रेन पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. रविवारी निघायच्या आधी मेगाब्लॉक बघा, माटुंगा ते मुलुंड पट्ट्यात तो बऱ्याचदा असतो. जाड कापडाची पिशवी घरूनच न्या, पात्राचे कान टोकदार असतात, पातळ पिशवी स्टेशनचा पूल चढेपर्यंत टिकत नाही. आणि तिथे गेलाच आहात तर ताजा कढीपत्ता नि नारळही घेऊन या, पहिल्या दिवशीच्या चटणीला होईल.